वापरलेली सुई टाकायची कुठं?

सुई पोटात कशी टोचायची ते मला डॉक्टरांनी दाखवलं, त्यांच्या नर्सनं दाखवलं, औषधाच्या दुकानदारानं दाखवलं आणि घरी आल्यावर मोबाईलवर बघून माझ्या लेकीनंही दाखवलं. टोचून झाल्यावर ती टाकायची कुठं, हे एकानंही सांगितलं नाही. एवढ्या एका गोष्टीपायी आमच्या घरात जे रामायण झालं ते लिहून ठेवते आहे. ज्यांच्या घरात नुकतीच सुई चालू झाली असेल त्यांनी वाचावं, आणि माझ्यासारखं डोकं फिरायच्या आधी शहाणं व्हावं.

दोरा ओवेना

मी ब्लाऊज शिवते. लोहाऱ्याकडून माकणीला जाताना मधे आमचं गाव लागतं. आजूबाजूच्या चार गावांतल्या बायका माझ्याकडं येतात. साखरेचा आजार मला आधीपासून होता, गोळ्या चालू होत्या. मागच्या दिवाळीच्या ऐन गर्दीत मला सुईत दोरा ओवता येईना. सुईचं नेढंच दिसेना. घरातले म्हणाले, चष्मा बदल. अंगानं उतरले होते तर गिऱ्हाइकं म्हणत होती, "बारीक झालात, बरं दिसतंय." पाणी तर इतकं पीत होते की तांब्या जवळून हलत नव्हता.

उमरग्याला डोळ्याच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी चष्म्याचं नावच काढलं नाही, आधी रक्त तपासून या म्हणाले. तिथून साखरेच्या डॉक्टरांकडं. त्यांनी रिपोर्ट बघितला, माझ्याकडं बघितलं, परत रिपोर्ट बघितला. "गोळ्यांनी आता भागत नाही. इन्सुलिन घ्यावं लागेल. रोज."

मी तिथंच रडायला लागले. आमच्याकडं एखाद्याला सुई लागली म्हटलं की लोक त्याच्याकडं शेवटचं बघितल्यासारखं बघतात. माझ्या डोळ्यांपुढं किडनी, पाय, काय काय येऊन गेलं. आमचे हे माझ्या शेजारच्या खुर्चीत नुसते बसून होते. बाहेर आल्यावर मात्र हॉटेलात शिरले आणि दोन बिनसाखरेचे चहा सांगितले. ह्यांना चहात साखर कमी पडली तर भांडण होतं, आणि त्या दिवशी तो कडू चहा तोंड वाकडं करून पूर्ण प्याले. मला त्यातच सगळं कळलं.

सासूबाईंना घरी सांगितलं तर म्हणाल्या, "रोज टोचून घ्यायचं? त्यापरीस कारल्याचा रस पी की. आमच्या येळंला कुठं व्हत्या सुया?"

"आत्याबाई, तुमच्या येळंला माणसं कशानं मेली ते तरी कुठं कळायचं?" मी म्हणाले. माझी जीभ अशीच आहे. दोन दिवस अबोला झाला.

पण सांगते, महिना-दीड महिन्यात दोरा पुन्हा पहिल्या फटक्यात ओवला गेला. सुईला घाबरून बसलेल्यांनी एवढं ध्यानात घ्या.

डबा घेऊन फिरणारी बाई

शिवणकाम करणाऱ्या बाईला एक खोड असते. घरात सुई पडली की ती सापडेपर्यंत ती जागची उठत नाही. मी तर लोहचुंबक घेऊन सगळी फरशी पुसून काढते, जेवण राहिलं तरी चालेल. अशा बाईनं इंजेक्शनची सुई केराच्या टोपलीत टाकायची? मला ते जमेना. गोड्या तेलाचा एक जाड प्लास्टिकचा डबा रिकामा झाला होता. झाकण घट्ट बसणारा. त्यात सुया टाकायला लागले. माझं इन्सुलिन पेनातून घ्यायचं असतं, त्याची सुई म्हणजे बोटाच्या पेराएवढी टोपी आणि तिला केसाएवढं टोक. दिसत नाही, पण लागते.

डबा भरत आला तशी मी तो घेऊन बाहेर पडले, आणि माझी खरी शोभा तिथून सुरू झाली.

ग्रामपंचायतीच्या घंटागाडीवाल्यानं हातच जोडले. "ताई, सुया आमच्या गाडीत नका टाकू. आमी हातानं निवडताव." त्याचं खरं होतं. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या साहेबांनी डब्याला हातही लावला नाही. "आमच्या इथं आमचा कचरा. घरातला कचरा ग्रामपंचायतीचा." ग्रामपंचायतीत गेले, तर तिथं, "सुई म्हणजे दवाखान्याचा कचरा. दवाखान्यात द्या." मी म्हणाले, "तिथूनच आलेय." तर म्हणे, "मग परत जावा." औषधाचा दुकानदार म्हणाला, "आमी विकताव, परत घेत न्हाय." लग्नात मानपानावरून दोन्हीकडचे रुसून बसतात ना, तसं चाललं होतं. आणि मी मधे डबा घेऊन उभी.

सल्ले मात्र फुकट मिळाले. चुलीत टाक. पडक्या विहिरीत टाक. खड्डा करून पुर. एकानं तर धरणात टाक म्हणून सांगितलं.

"तू पाणी कुठलं पितूस रं?" मी विचारलं.

"धरणाचंच की," तो म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही.

डबा घरी परत आणला आणि शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर ठेवला. त्यावर कागद चिकटवून लिहिलं, 'सुया आहेत, हात लावू नये.' सासूबाईंना वाचता येत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पाहुणे येणार म्हणून

फाल्गुनात माझ्या लेकीला, आरतीला बघायला पाहुणे यायचे होते. अंगण सारवलं, पडदे धुतले, शिलाईच्या चिंध्या गोणीत भरल्या. आदल्या दिवशी फळीवर डबा दिसेना.

"आत ठेवलाय," सासूबाई म्हणाल्या. "पाहुण्यापुढं ते दवाखान्याचं कशाला? आईला सुई लागती म्हणलं की पोरीच्या रक्तातच हाय म्हणतील."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आमच्याकडं सोयरीक जुळवताना आजी-आजोबा कशानं गेले तेही विचारतात. त्यांनी डबा आत ठेवला असेल असं मी धरून चालले आणि पुढच्या सुयांसाठी प्लास्टिकची एक बाटली सुरू केली. पाहुणे आले, पोहे खाल्ले, मुलीची उंची कमी आहे म्हणून निरोप पाठवला. एवढ्यासाठी सगळी लपवालपवी!

शेणखत

आता आमच्या उकिरड्याचं सांगते. घरामागं आमचा मोठा उकिरडा आहे. शेण, राख, पालापाचोळा, घरातला केर, सगळं तिथं. आळीतली सहा-सात घरंही त्यांचा केर तिथंच टाकतात आणि आम्ही कधी कुणाला नाही म्हणत नाही, कारण जितकं जास्त पडेल तितकं खत जास्त. वर्षभर कुजतं, आणि वैशाखात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं रानात जातं. तिथं त्याचे ढीग घालायचे आणि पाट्या भरून हातानं पसरायचं.

उकिरड्यावर टाकलं की ते कुजून मातीच होतं, असं आमच्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. सुई कुजत नाही.

त्या सकाळी माझी धाकटी जाऊ मंगल खत पसरत होती. दीर आणि ती शेजारच्याच घरात वेगळे राहतात, पण शेत अजून एकत्र आहे. तिला चिमी नावाची तीन वर्षांची पोरगी. मी घरी मशीनवर होते. एवढ्यात मंगल हात धरून दारात आली. पाठीमागं दीर. तळहातातून रक्त आलेलं, आणि दिराच्या हातात कागदात गुंडाळलेली सुई.

"अक्का, तुमची सुई लागली मला."

मी तिचा हात नळाखाली धरला, साबणानं धूत राहिले. दिरांचं तोंड चालूच होतं. मी सासूबाईंकडं वळले. "आत्याबाई, माझा डबा कुठाय?"

त्यांनी कोपऱ्यातून डबा काढून दिला. स्वच्छ धुतलेला. आत गवारीचं बियाणं.

"चांगला डबा व्हता," त्या म्हणाल्या. "सुया तेवढ्या उकिरड्यावर झटकल्या."

मी काय बोलले ते लिहीत नाही. सासूबाई पदराआड रडायला लागल्या, ह्यांनी माझा हात धरला, आणि मंगल तशीच उभी होती, ओल्या हातानं.

कुणाची सुई?

तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिची जखम बघितली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कावीळ होऊ नये म्हणून लस दिली आणि रक्त घेतलं. मग विचारलं, "सुई कुणाची?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या खोलीतली माणसं नुसती माझ्याकडं बघत होती तो क्षण मला अजून आठवतो. मला साखर आहे, साखर सुईतून लागत नाही. पण माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा मला रक्त चढवलं होतं. त्यातून काही आलं असेल तर? एचआयव्ही, कावीळ, कायबी? दवाखान्यातल्या एका बाईनं मला आत नेऊन नको नको ते प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली. माझंही रक्त घेतलं.

रिपोर्ट यायच्या आधी दिरांनी कागद उघडून सुई डॉक्टरांना दाखवली. मी पुढं वाकून बघितलं आणि ओरडलेच. "ही माझी न्हाय!"

नारिंगी टोपणाची बारीक सिरिंज होती ती. बाटलीतलं इन्सुलिन ओढून घ्यायची. मी पेन वापरते. डॉक्टरांनी बघून 'बरोबर आहे' म्हणून मान हलवली. म्हणजे आळीत आणखी कुणीतरी सुई घेत होतं, आणि आमच्याच उकिरड्यावर टाकत होतं.

माझा रिपोर्ट चांगला आला. त्याचा मंगलला काही उपयोग नव्हता.

"सुई जुनी आहे, उन्हात पडलेली आहे, भीती फार कमी आहे," डॉक्टर म्हणाले. "पण ज्याची असेल त्यानं एकदा रक्त तपासून घेतलं तर आपला प्रश्नच मिटेल. नाहीतर तीन महिन्यांनी परत बघू."

त्या सगळ्यातलं मंगलच्या कानात एवढंच राहिलं, 'पण'.

घरी आल्यावर तिनं चिमीला जवळ घेणं बंद केलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मुलाला जवळ घेतल्यानं काही होत नाही. मी सांगितलं, आरतीनं मोबाईलवर वाचून दाखवलं. ऐकलं नाही. पोरगी "आई, घे" म्हणून मागं मागं फिरायची आणि ही हात पाठीमागं बांधून उभी राहायची. माझ्याशी बोलणंही बंद. ती सुई माझी नव्हती, हे तिला ठाऊक होतं. पण सुई म्हटली की तिला मीच दिसायची.

कुणाच्याच घरात आजार नाही

मी दुसऱ्याच दिवशी आळीत निघाले. घरोघरी जाऊन एकच विचारलं: तुमच्या घरात कुणी सुई घेतं का? रागावणार नाही, नाव सांगणार नाही, फक्त एकदा रक्त तपासा, आमच्या मंगलचा जीव टांगणीला लागलाय.

काय सांगू! आमची आळी म्हणजे देवाच्या दारातली असावी. कुणाला साखर नाही, कुणाला बीपी नाही. ज्यांच्या घरी औषधाच्या पिशव्या येताना मी ह्या डोळ्यांनी बघितल्यात तेही म्हणाले, "आमच्यात न्हाय बया असलं कायबी." समोरच्या रुक्माकाकूंनी तर देवाच्या तसबिरीवर हात ठेवला. "आमच्या घरात सुई? वहिनीबाई, तोंड सांभाळून बोला. आमच्या बाळूची सोयरीक चाललीया."

मी परत आले आणि दिवसभर मशीन मारत बसले. इतकी चिडले होते की दोन ब्लाऊजच्या बाह्या उलट्या लागल्या.

तिकडं शेतात कामाला येणाऱ्या बायकांनी पाय ठेवायला नकार दिला. खरंच आहे, कुणी का यावं? मी आणि आमचे हे, दोघं जाड बूट घालून, माझं लोहचुंबक काठीला बांधून वावर पालथं घालत होतो. शिवणाची सुई त्याला धावत येऊन चिकटते. ह्या सुया जेमतेम हलायच्या. शेवटी वाकून वाकून, चिमट्यानं एकेक उचलली. सगळ्या सापडल्या असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

त्या महिन्यात उमरग्याला माझ्या डॉक्टरांकडं गेले तेव्हा सुया भरलेली बाटली त्यांच्या टेबलावरच आदळली. "साहेब, सुई तुम्ही लिहून दिली. आता हिचं काय करायचं ते बी लिहून द्या."

ते शांतपणे म्हणाले, "आणून द्या की इथं. आमच्या दवाखान्याचा असला कचरा न्यायला गाडी येते, त्यात जाईल. मुदत संपलेल्या गोळ्याही आणा."

"मग हे आधी का सांगितलं न्हाय?"

"तुम्ही विचारलंच नाही."

मी तिथं उठून नाचायचं तेवढं बाकी राहिलं. सगळं गाव विचारून झालं होतं, आणि ज्यानं सुई दिली तोच घेणारा निघाला! तेव्हा माझं ऐका. ज्या डॉक्टरांनी लिहून दिलं त्यांना पहिल्याच दिवशी विचारा. जाड डबा ठेवा, गळ्यापर्यंत भरू नका, झाकणावर चिकटपट्टी मारा. आणि डब्यावर नुसतं लिहू नका, घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना तोंडानं सांगा.

घरी येऊन मी आळीत ओरडून सांगितलं, "ज्याला कुणाला सुया द्यायच्यात त्यांनी माझ्या ओट्यावर ठेवा, मी उमरग्याला नेते. नाव विचारणार न्हाय."

ओट्यावरची बाटली

पावसाळा निम्मा झाला तेव्हा एका सकाळी ओट्यावर बाटली दिसली. आत नारिंगी टोपणाच्या सिरिंजा. बाटली गुडघ्याला चोळायच्या तेलाची होती, आणि त्या तेलाचा वास आमच्या आळीत एकाच घरातून येतो.

मी पदर खोचला आणि समोरच्या घरात शिरले. रुक्माकाकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझ्या हातात बाटली बघून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"देवाच्या तसबिरीवर हात ठेवलावता तुमी!"

त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. "मी सुई घेती कळलं असतं तर बाळूचं लगीन मोडलं असतं," एवढंच म्हणाल्या. मला आमचे पाहुणे आठवले, पोहे आठवले, आणि माझा राग आणखीच वाढला. काकूंवर की आमच्या घरावर, ते सांगता येत नाही.

"उद्या सकाळी आमच्यासंगं दवाखान्यात. मंगल बी येणार."

त्या आल्या. तोंडावर पदर घेऊन जीपमध्ये एका कडेला बसल्या. मंगल दुसऱ्या कडेला, मधे मी. दवाखान्यात काकूंचं रक्त घेतलं आणि आम्ही बाहेरच्या बाकड्यावर बसलो. फार वेळ लागला नाही. रिपोर्ट चांगला होता. एचआयव्ही नाही, कावीळ नाही, काही नाही.

"आता चिंता करू नका," डॉक्टर मंगलला म्हणाले. "लसीचा शेवटचा डोस तेवढा चुकवू नका."

मंगल बाकड्यावर बसली ती बसलीच. माझा मात्र बांध फुटला. सगळ्या दवाखान्यादेखत मी काकूंवर तुटून पडले. "एवढंच व्हतं काकू, एवढंच! हात पुढं करायचा आन् थेंबभर रक्त द्यायचं! वैशाखापासून ही पोरगी जळतीया. लेकराला हात लावला न्हाय हिनं. तुमाला समोरच्या दारातून दिसत न्हवतं व्हय? रोज दिसत व्हतं! तुमी बघत व्हता आन् दार लावून घेत व्हता!"

काकू काही बोलेनात. मान खाली. मी आणखी चढले. "बोला की! आता का तोंड शिवलंय?"

"अक्का, गप बसा," मंगल म्हणाली.

इतक्या दिवसांनी ती माझ्याशी बोलली ती अशी. ती काकूंकडं बघत होती. काकूंच्या कपाळावर घाम डवरला होता, हात थरथरत होते, ओठ पांढरे पडले होते.

"काकू, सकाळी सुई घेतली का तुमी?" तिनं विचारलं.

काकूंनी मानेनंच हो म्हटलं.

"आन् खाल्लं?"

"रक्त द्यायचंय म्हणून..." काकू पुटपुटल्या. "उपाशीपोटी देत्यात ना?"

सुई घेऊन उपाशी आलेली बाई! साखर पार खाली गेली होती, आणि मी, मला स्वतःला साखर असून, समोर उभी राहून तिला फाडून खात होते. मला दिसलं नाही. मंगलला दिसलं.

ती उठली, बाहेरच्या चहाच्या टपरीवरून मूठभर साखर घेऊन आली. काकूंचे हात इतके हलत होते की त्यांना काही धरता येईना. मंगल त्यांच्यापुढं खाली बसली. सुई ज्या हाताला लागली होती, आणि वैशाखापासून जो हात तिनं कुणाच्या ताटाला, कुणाच्या गालाला लावला नव्हता, त्याच हातावर तिनं साखर घेतली आणि त्यांच्या तोंडात घातली.

"चावू नका, नुसती चघळा," ती म्हणाली. "मी धरलंय तुमाला."